मूग लॅडर फिल्टर : आधुनिक पुनर्रचना

ॲनालॉग सिंथेसायझरमधील मूग लॅडर फिल्टर या मंडलाची आज मिळणाऱ्या सुट्या भागांतून केलेली पुनर्बांधणी (पहा : इलेक्ट्रॉनीय वाद्ये).

मूळ रचना अमेरिकन अभियंते रॉबर्ट मूग यांची. १९६६ मध्ये केलेल्या अर्जावर तिला १९६९ मध्ये पेटंट मिळाले. ९०४ए हे मॉड्यूल व मिनीमूग (१९७०) हा सिंथेसायझर यांत ती वापरली गेली.

ट्रांझिस्टरांच्या जोड्या शिडीप्रमाणे एकावर एक रचून प्रत्येक पायरीवर कपॅसिटर जोडलेला असतो. बेस-एमिटर संधीचा गतिक रोध प्रवाहाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. म्हणून नियंत्रक व्होल्टेजने छेद-कंप्रता सरकवता येते. चार टप्प्यांमुळे तिच्यावरील कंप्रता दर सप्तकाला २४ डेसिबलने क्षीण होतात. फीडबॅक वाढवला की अनुस्पंदन तीव्र होते, खर्ज मात्र दबतो. पुरेसा वाढवल्यास फिल्टर स्वतःच आंदोलक बनतो (पहा : आंदोलक).

पुनर्रचनेत निवडून जुळवलेल्या सुट्या ट्रांझिस्टरांऐवजी एकाच सिलिकॉन चकतीवरील जुळ्या जोड्या घेतात. त्यांचे तापमान समान राहते, हा मोठाच लाभ. तरीही नियंत्रक व्होल्टेजचे शिडीच्या प्रवाहात रूपांतर करणाऱ्या घातांकी परिवर्तकाला, दर अंश सेल्सिअसला ज्याचा रोध दशलक्षामागे सुमारे ३,३०० भागांनी वाढतो असा रोधक लागतो. बाहेरील प्रवर्धनासाठी टीएल०७२सारखे ऑप-ॲम्प चालतात. मूळ ९०४एचा पुरवठा अधिक १२ व उणे ६ व्होल्ट, तर आजच्या युरोरॅक या मॉड्यूलर सिंथेसायझर-प्रमाणाचा अधिक-उणे १२ व्होल्ट. त्यामुळे बायस नव्याने मोजावा लागतो.

या फिल्टरची ओळखीची विकृती शिडीतील ट्रांझिस्टरांच्या अरेषीयतेतून येते; म्हणून आदान संकेत मिलिव्होल्टांपर्यंत उतरवूनच शिडीला देतात (पहा : ट्रांझिस्टर).