क्षय, जीर्ण, निर्जरा



'क्षय' म्हटलं की आजार आठवतो; प्रार्थनेत मात्र आपण कर्मक्षयच मागतो. 'जीर्ण' आणि 'निर्जरा' एकाच धातूचे: जुनं होणं, झिजणं. वस्त्र जीर्ण होतं तेव्हा हळहळतो, कर्माची निर्जरा व्हावी म्हणून उपवास करतो.

शब्दही झिजतात. आपल्या हिंजवडीजवळच्या मावळात, पाले गावच्या लेण्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. सुरुवात 'नमो अरहंतानं'. इंदरखिताने लेणं आणि 'पोढी', म्हणजे पाण्याचं टाकं, करवलं असं त्यात कोरलंय. ती लिपी मागे पडली, 'पोढी' शब्द बोलण्यातून गेला. नमस्कार मात्र रोज आपल्या ओठांवर आहे.

म्हणून मंदिराचा जीर्णोद्धार निघाला, की आधी विचारा: जुन्या दगडावर अक्षरं आहेत का? असतील तर त्यावर पॉलिश नको, रंगही नको.