हातोहात फिरलेला जेरी गार्सिया

कॅलिफोर्नियातल्या ‘ग्रेटफुल डेड’ बँडचा गिटारवादक जेरी गार्सिया तेच गाणे प्रत्येक मैफलीत नव्याने मांडायचा. त्यामुळे स्टुडिओतल्या तबकड्यांवरून त्याची पुरती ओळख होत नाही. ती होते चाहत्यांनी एकमेकांना पाठवलेल्या कॅसेटांवरून. कॉर्नेल विद्यापीठातली ८ मे १९७७ ची मैफलच घ्या. बँडच्याच ध्वनितंत्रज्ञ बेटी कँटर-जॅक्सन यांनी टिपलेली ही मैफल अधिकृतपणे प्रसिद्ध झाली थेट २०१७ मध्ये. मधली चाळीस वर्षे तिला जिवंत ठेवले ते प्रतीवरून प्रत काढणाऱ्यांनी. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने तिला राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत घेतले, तेही त्या प्रकाशनाच्या आधीच!

अशा प्रती फिरवण्यात कलावंताचे नुकसान होते, हा आक्षेप गंभीर आहे. १९६९ मध्ये बॉब डिलनची चोरटी तबकडी दुकानांतून विकली गेली, तिथे तो पुरता लागू पडतो. पण ‘डेड’ची मुख्य कमाई तिकिटांवर होती, आणि टेप ऐकलेला माणूस पुढच्या मैफलीला येई. १९८४ मध्ये बँडने ध्वनिमुद्रण करणाऱ्यांसाठी प्रेक्षागृहात वेगळी जागाच राखली. अट एकच होती: देवाणघेवाण करा, विक्री नको. बहुतेकांनी ती निष्ठेने पाळली. नवख्याकडून कोरी कॅसेट आणि टपालखर्च, एवढेच घेतले जाई.