ऱ्हूरच्या खाणी मिटल्या, पंप मात्र सुरूच

जर्मनीच्या औद्योगिक उत्कर्षाचा पाया घालणाऱ्या ऱ्हूर खोऱ्यातील शेवटची कोळसा खाण, बॉट्रॉप येथील प्रॉस्पर-हानिएल, २१ डिसेंबर २०१८ रोजी बंद झाली. अखेरचा कोळशाचा तुकडा कामगारांनी राष्ट्राध्यक्ष फ्रांक-वाल्टर श्टाइनमायर यांच्या हाती सुपूर्द केला. कोळसा संपला म्हणून खाण मिटली, असे नव्हे. हजार मीटरहून अधिक खोलीतून काढलेला हा कोळसा परदेशांतून जहाजाने येणाऱ्या कोळशापेक्षा महाग पडत होता आणि सरकारी अनुदानावरच तग धरून होता.

घसरण सुरू झाली ती १९५८ च्या सुमारास. तेव्हा पश्चिम जर्मनीतील दगडी कोळशाच्या खाणींत सुमारे ६ लाख माणसे काम करीत. १९६८ मध्ये ऱ्हूरमधील बहुतेक खाणी एका कंपनीखाली आणण्यात आल्या. पुढील धोरण सरकार, कंपनी व कामगार संघटना यांच्या सहमतीने ठरत गेले. एक खाण बंद झाली की तेथील कामगार दुसरीकडे सामावून घेतले जात. जमिनीखाली राबणाऱ्यांना पन्नाशीतच आर्थिक साहाय्यासह निवृत्ती घेता येई. २०१८ मध्ये अनुदान थांबविण्याचा निर्णयही २००७ मध्येच, अकरा वर्षे आधी झाला होता. ही मुदत स्वस्तात मिळाली नाही. तिची किंमत करदात्यांनी मोजली.

कामगार सावरले, पण नवे रोजगार उभे करणे अधिक कठीण ठरले. बोखुम येथे १९६२ मध्ये ओपेलचा मोटार कारखाना आला. तो २०१४ मध्ये बंद झाला. नोकियाचा कारखाना तर २००८ मध्येच गेला होता. त्या मानाने १९६५ मध्ये बोखुम येथे सुरू झालेले विद्यापीठ अधिक टिकाऊ ठरले. एसेनची झोलफेराइन खाण १९८६ मध्ये बंद पडली आणि २००१ मध्ये जागतिक वारसा ठरली. पर्यटक येतात, परंतु खाणीइतके हात पर्यटनाला लागत नाहीत. शेजारच्या गेल्झेनकिर्शेनमधील बेकारी वर्षानुवर्षे देशातील सर्वाधिक बेकारीत मोडते.

एम्शर नदीची कथा वेगळी आहे. खाणींमुळे जमीन सतत खचत असल्याने भूमिगत गटारे टाकता येत नव्हती; म्हणून शतकभर नदीच उघडे गटार बनली होती. खाणकाम सरल्यावर १९९२ पासून गटारे जमिनीखाली नेण्यात आली. २०२१ च्या अखेरीस नदी सांडपाण्यातून मुक्त झाली. खर्च ५ अब्ज युरोंहून अधिक.

खचलेली जमीन मात्र वर येत नाही. काही भाग वीस मीटरहून अधिक खाली गेले आहेत. पंप थांबले, तर तेथे तळी साचतील. खाणींत साठणारे पाणीही उपसावे लागते, अन्यथा ते पिण्याच्या पाण्याच्या साठ्यांपर्यंत पोहोचण्याचा धोका आहे. या कधीही न संपणाऱ्या कामांसाठी २००७ मध्ये स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन झाले. एव्होनिक या रसायन कंपनीतील समभागांसह अन्य गुंतवणुकीच्या उत्पन्नातून २०१९ पासून ते हा भार उचलत आहे.