मुंबई उपनगरांतील स्वयंचलित चाचणीचे शिक्षण : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

मुंबईच्या संगणकीय इतिहासात उपनगरांचा उल्लेख बहुधा निर्यात व रोजगार यांच्या संदर्भात होतो. सामान्य नवोदितास ही विद्या कशी खुली झाली, हा प्रश्न त्यात मागे पडतो. सॉफ्टवेअरची स्वयंचलित चाचणी, म्हणजे एका प्रोग्रॅमचे वर्तन दुसऱ्या प्रोग्रॅमकरवी तपासून घेणे, या विषयाच्या आधारे प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाचा विचार केला आहे. यंत्र, परवाना आणि भाषा हे तीन अडसर क्रमाने सैल झाले. चौथा अडसर अध्यापनाचा असून तो आपल्या हाती आहे, असे येथे प्रतिपादन आहे.

यंत्र आणि परवाना

पवई येथील आयआयटी (1958), अंधेरीतील सीप्झ (1973) आणि जुहूस्थित नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी (1985) ही उपनगरांतील संगणकविद्येची प्रमुख केंद्रे होत. तेथील संगणक संस्थेच्या मालकीचे असत. त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग प्रवेशपरीक्षेतून अथवा नोकरीतून जात असे.

1990 च्या दशकात घरगुती संगणक आले, तरी चाचणीची व्यावसायिक साधने दूरच राहिली. मर्क्युरी इंटरॅक्टिव्ह कंपनीचे ‘विनरनर’ हे त्या काळातील प्रसिद्ध साधन विंडोजवर चाले व त्यास परवाना लागे. याउलट 1991 मध्ये लायनस टॉरवाल्ड्‌स यांनी आरंभिलेले लिनक्स मुक्तपणे वाटता येत होते. त्या दशकाच्या उत्तरार्धात ‘पीसीक्वेस्ट’ मासिकासोबत मिळणाऱ्या सीडींमुळे इंटरनेटच्या मंद जोडणीवर विसंबून न राहता ते घरी बसवता येऊ लागले. 2004 मध्ये शिकागो येथे थॉटवर्क्स कंपनीत जेसन हगिन्स यांनी ‘सेलेनियम’ची निर्मिती केली. ब्राउझर आपोआप चालवून संकेतस्थळ तपासणारे हे साधनही मुक्त स्वरूपात खुले झाले. परिणामी उद्योगात वापरले जाणारे साधन बोरिवली वा मुलुंड येथील विद्यार्थ्यास घरच्या संगणकावर विनामूल्य हाताळणे शक्य झाले.

भाषा

नॅशनल सेंटरच्या ‘इंडिक्स’ प्रकल्पाने लिनक्सच्या पटलावर भारतीय लिप्या आणण्याचे कार्य केले. 2003 मध्ये ही संस्था सी-डॅकमध्ये विलीन झाली. तथापि पडद्यावर देवनागरी दिसणे आणि मराठीतून विषय समजणे या भिन्न गोष्टी आहेत. दुसऱ्या दिशेने पवईच्या आयआयटीतील प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखालील ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने महत्त्वाचे पाऊल टाकले. केंद्र शासनाच्या 2009 मधील माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाच्या राष्ट्रीय अभियानातून त्यास साहाय्य लाभले. लिनक्स, बॅश, पायथन आदी विषयांचे छोटे पाठ यात आहेत. पडद्यावरील आज्ञा इंग्रजीत राहतात, निवेदन मात्र मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकता येते. विद्यार्थ्याने पाठ पाहत असतानाच शेजारच्या खिडकीत तीच कृती करावी, अशी त्याची रचना आहे. व्यवसायाची परिभाषा न बदलता स्पष्टीकरणाची भाषा बदलणे, हे या पद्धतीचे मर्म होय.

अध्यापन

साधने आणि पाठ सुलभ झाल्यावरही नवोदित कोठे अडखळतो, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. लिनक्समध्ये प्रत्येक आज्ञा संपताना एक अंक परत करते. शून्य म्हणजे यश, अन्य अंक म्हणजे अपयश. विद्यार्थी शुल्क-आकारणीच्या प्रोग्रॅमची चाचणी लिहितो आणि तिचा निकाल पडद्यासोबत फाइलमध्येही उतरावा म्हणून तो पाइपद्वारे ‘टी’ या आज्ञेकडे पाठवतो. बॅशमध्ये अशा साखळीचा अंक सामान्यतः शेवटच्या आज्ञेचा असतो. चाचणी फसली तरी ‘टी’ यशस्वी होते आणि शून्य हाती येते. ‘पाइपफेल’ हा पर्याय चालू केल्यास हा दोष टळतो. परंतु शंकाच आली नाही, तर तो पर्याय शोधणार कोण? सदोष चाचणी ही चाचणीच्या अभावाहून अधिक घातक ठरते, कारण ती खोटा विश्वास निर्माण करते.

निष्कर्ष

प्रात्यक्षिकाच्या वहीत ‘उत्तीर्ण’ असा निकाल चिकटवला की गुण देण्याची आपली प्रथा या विषयास मारक आहे. विद्यार्थ्याने मूळ प्रोग्रॅममध्ये हेतुपुरस्सर चूक करावी आणि त्याची चाचणी ती पकडते हे परीक्षकासमोर दाखवावे, ही अपेक्षा अधिक उचित होय. त्यासाठी नवा संगणक लागत नाही, नवा परवानाही लागत नाही. पहिले तीन अडसर दूर करण्यास अनेक दशके लागली. चौथा दूर करण्याचा आरंभ प्रात्यक्षिकाच्या पुढील तासिकेपासून करता येईल.