पाळणा राहून गेला

एप्रिल उजाडला की मंचर आणि नारायणगावच्या चौकांत उन्हाळी शिबिरांचे फलक दिसू लागतात. चित्रकला, हस्ताक्षर, श्लोकपाठांतर, कराटे. पहिल्या दिवशी मूल आईचा पदर सोडत नाही आणि आई फाटकाबाहेर रेंगाळत राहते, हे दृश्य आता तालुक्याच्या गावीही नवे उरलेले नाही. 'शिबिर' हा शब्द मूळचा सैन्याच्या तळाचा. सेवादल, राष्ट्रीय सेवा योजना यांच्या वाटेने तो मराठीत रुळला आणि अखेर चार वर्षांच्या मुलापाशी येऊन थांबला. लहान मुलाला दिवसाचे काही तास घराबाहेर परक्या हाती सोपवावे, ही कल्पना मात्र आपल्याकडे फार जुनी नाही. तिचा मराठी इतिहास पाहू लागलो की फलकावर नसलेले प्रश्न समोर येतात.

1926 साली गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. तेव्हाचे बालमंदिर हे प्रामुख्याने शहरी, सुस्थित घरांतल्या मुलांसाठी होते. 1945 मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या. तेथे त्यांच्या सोबतीला आल्या अनुताई वाघ. त्या पुणे जिल्ह्यातल्याच मोरगावच्या, बालवयात विवाह आणि लगोलग वैधव्य वाट्याला आलेल्या. बोर्डीत बालवाडी उघडली, पण दलित वस्तीतली मुले येईनात. मग बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. 'अंगणवाडी' ही कल्पना अशी घडली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुली कडेवर भावंड असल्याने शाळेला मुकतात हे ध्यानात आल्यावर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी 'विकासवाडी' उभी राहिली. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली. मूल का येत नाही, हा प्रश्न या दोघींनी पालकांच्या अज्ञानावर ढकलला नाही. त्यांनी शाळेची जागा आणि वेळ बदलली.

2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला. शासनाने शब्द उचलला, पाळणा मात्र मागे राहिला, असे आम्हाला वाटते. अंगणवाडी भरते काही तास. आईचा कामाचा दिवस त्याहून कितीतरी लांब.

जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात, आहुपे, भीमाशंकर, नाणेघाटाच्या बाजूला, उन्हाळा म्हणजे बाळहिरड्याचा हंगाम. कोवळे फळ पावसाआधी झाडावरून उतरवायचे, उन्हात वाळवायचे आणि विकायचे. महादेव कोळी कुटुंबांच्या हाती रोख पैसा येण्याची ही मोठी वेळ असते, म्हणून सारे घर पहाटेच रानात जाते. पूर्वेकडे कांदा, टोमॅटो आणि ऊस. तिथे मजूर बाईचे मूल बांधावर, झाडाला टांगलेल्या झोळीत असते आणि शेजारच्या उसात बिबट्याचा वावर असतो. 2001 ते 2003 या काळात जुन्नर वनविभागात माणसांवरचे हल्ले एकाएकी वाढले, आणि त्यांत लहान मुलेही सापडली. माणिकडोहचे बिबट्या निवारण केंद्र पाहायला सहली जातात. बांधावरच्या झोळीकडे तितके लक्ष जात नाही.

पश्चिम पट्ट्यातले मूल पहिल्यांदा घर सोडते ते बहुधा जूनमध्ये, निवासी आश्रमशाळेसाठी, आणि तेही काही तासांपुरते नव्हे. शहरातले मूल उन्हाळ्यात शिबिराला निघते, तेव्हा इथले मूल घरी परतते. परतते ते कामाला. शिबिराच्या फीविषयी आम्हाला तक्रार नाही (तिथली मुले हसतखेळत रमतात, हे आम्ही पाहिले आहे), पण चार तास सुरक्षित ठेवण्याची खरी निकड ज्यांना आहे, त्यांच्या वस्तीपर्यंत तो फलक पोहोचत नाही. 2022 मध्ये केंद्राच्या 'मिशन शक्ती'तून अंगणवाडीला पाळणाघर जोडण्याची योजना आली, तिचे नाव 'पालना'. कोसबाडची कल्पना सरकारी कागदावर यायला अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गात 'उन्हाळ्याची सुट्टी' या विषयावर निबंध लिहायला दिला होता. बहुतेकांनी मामाचे गाव लिहिले. पश्चिमेकडच्या एका मुलीच्या निबंधात मामा नव्हता, आंबे नव्हते. आई हिरड्याच्या झाडावर होती, आणि ती स्वतः खाली, कडेवर भाऊ घेऊन, पडलेली फळे एका हाताने वेचत होती.