आधी खराटा, मग ब्लीचिंग

२६ जुलै २००५च्या पावसाची सांताक्रूझ वेधशाळेतील नोंद २४ तासांत ९४४ मिलिमीटर अशी आहे. मुंबईची त्या दिवसाची कहाणी पुष्कळदा सांगितली गेली. ठाणे जिल्ह्यात उल्हास नदीने बदलापूर, अंबरनाथ आणि कल्याणच्या सखल वस्त्यांत काय केले, ते त्यामानाने कमी लिहिले गेले. तळमजल्यावरच्या पुष्कळ घरांत पाणी दोन वाटांनी आले. एक वाट दाराची. उंबऱ्याशी गोणपाटे लावून, फडके कोंबून माणसे ती अडवायचा प्रयत्न करत होती. दुसरी वाट पाठीमागची होती. न्हाणीच्या मोरीतून आणि संडासाच्या भांड्यातून काळे पाणी वर येत होते, आणि त्याला अडवणार कशाने?

हे पाणी वर का येते, हे शाळेत सहज दाखवता येते. एक पारदर्शक रबरी नळी इंग्रजी यू अक्षरासारखी धरावी आणि पाण्याने अर्धी भरावी. तिचे एक टोक म्हणजे खाडी, दुसरे म्हणजे आपली मोरी. खाडीचे टोक वर उचलले की मोरीत पाणी चढते. ठाणे, डोंबिवली, कल्याण ही तिन्ही गावे खाडीकाठची आहेत आणि भरतीचा परिणाम पार कल्याणपर्यंत जाणवतो. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की नाल्यांची तोंडे पाण्याखाली जातात. गटारे तुंबतात, शोषखड्डे जमिनीतल्या पाण्याने भरतात. इमारतीतील सर्वांत खालचे उघडे तोंड मग सांडपाण्याचा दरवाजा बनते. वरच्या मजल्यावरील मंडळींना याची कल्पनाही नसते. त्यांनी ओतलेली बादली खालच्यांच्या घरात उगवते. गृहनिर्माण संस्थांतील कितीतरी भांडणांचे मूळ या एका भौतिक नियमात आहे.

पाणी ओसरल्यावर जे दृश्य दिसते तेही ओळखीचे आहे. गाळ अजून फरशीवर आहे आणि त्यावर रांगोळीसारखी ब्लीचिंग पावडर भुरभुरलेली आहे. कोपऱ्यांतून फिनेल ओतलेले आहे. वास दबला की घर स्वच्छ झाले, असे सर्वांना वाटते. वास म्हणजेच रोग ही समजूत फार जुनी आहे आणि तिचा इतिहास शिक्षकांनी मुद्दाम वाचण्यासारखा आहे.

बेर्नार्दिनो रामाझ्झिनी हा इटलीतील मोदेना येथील वैद्य. त्याच्या घरचा मैलाकूप साफ करायला एक कामगार आला होता. तो फार घाईने काम करीत होता, म्हणून रामाझ्झिनीने कारण विचारले. या कोंडीत चार तासांहून जास्त राहिले तर डोळे जातात, अशा अर्थाचे उत्तर त्याला मिळाले. रामाझ्झिनीने त्याचे डोळे तपासले, ते लाल आणि सुजलेले होते. या भेटीतून पुढे त्याचा कामगारांच्या रोगांवरील ग्रंथ तयार झाला आणि १७०० साली प्रसिद्ध झाला. त्याने आणखी एक गोष्ट टिपली आहे. या कामगारांच्या खिशातील तांब्याची व चांदीची नाणी काळी पडत. आज आपण सांगू शकतो की हे हायड्रोजन सल्फाइड वायूचे काम. चांदीवर चांदीच्या सल्फाइडचा काळा थर बसतो. रामाझ्झिनीला वायू ठाऊक नव्हता, पण त्याने कामगाराला प्रश्न विचारला आणि त्याच्या उत्तरावर विश्वास ठेवला. आम्हाला वाटते, त्याच्या विद्वत्तेपेक्षाही ही गोष्ट दुर्मिळ आहे.

क्लोरीनची चुनकळी, म्हणजे आपली ब्लीचिंग पावडर, १७९९ मध्ये ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने कापड पांढरे करण्यासाठी काढली. पॅरिसचा औषधविक्रेता लाबाराक याने १८२०च्या दशकात क्लोरीनचे द्रावण तातीचे कारखाने, शवागारे आणि गटारे यांची दुर्गंधी घालवायला वापरले. जंतूंची कल्पना तेव्हा नव्हती. दुर्गंध गेला म्हणजे रोगाचे बीज गेले, असा सरळ हिशेब होता. कार्बॉलिक आम्लाची, म्हणजे फिनॉलची, गोष्टही अशीच. इंग्लंडमधील कार्लाइल गावी ते सांडपाण्यात टाकत. त्याची वार्ता ऐकून जोसेफ लिस्टरने १८६५ मध्ये ते जखमांवर वापरून पाहिले. शस्त्रक्रियागृहातील निर्जंतुकीकरण असे गटारातून आले आहे. चुकीच्या सिद्धांतातून कधी कधी बरोबर उपाय निघतो. तो नेहमीच निघतो असे मात्र नाही, आणि याचा सर्वांत महागडा पुरावा आपल्या मुंबईचा आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. प्लेगचा जंतू येर्सिनने दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये हाँगकाँगला शोधला होता. म्हणजे जंतू माहीत होता, पण तो घरात शिरतो कसा हे माहीत नव्हते. नगरपालिकेने जे जुने ज्ञान हाताशी होते त्यावर भिस्त ठेवली. गटारांतून समुद्राचे पाणी आणि कार्बॉलिक आम्ल सोडण्यात आले. बंबांनी घरे धुतली गेली, भिंतींना चुना लावला, ऊन-वारा आत यावा म्हणून छपरांची कौले उतरवली, सामानसुमान जाळले. घरांची व्यावसायिक सफाई म्हणतात ती या शहराने एवढ्या प्रमाणावर त्यापूर्वी पाहिली नव्हती. प्लेग थांबला नाही. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने जून १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून दाखवले की प्लेग एका उंदराकडून दुसऱ्याकडे पिसवा नेतात. त्याच्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. १९०५ पासून परळ येथील प्रयोगशाळेत प्लेग संशोधन आयोगाने सविस्तर प्रयोग केले, तेव्हा ते सर्वमान्य झाले. मधल्या काळात धुतलेल्या घरांच्या बिळांतून बाहेर पडलेला उंदीर शेजारच्या चाळीत जाणारच होता.

कल्याणचा या इतिहासाशी थेट संबंध आहे. पुण्याकडचा आणि नाशिककडचा, असे दोन्ही लोहमार्ग येथे फुटतात. त्यामुळे मुंबईहून निघालेल्या प्रवाशांची तपासणी या स्थानकात होत असे. संशयितांना बाजूला काढीत आणि कपडे निर्जंतुक करीत. १८९७च्या साथरोग कायद्याने अधिकाऱ्यांना यासाठी मोठे अधिकार दिले. त्यांचा पुण्यात कसा वापर झाला आणि जून १८९७ मध्ये रँडचे काय झाले, हे इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात असते.

पाठ्यपुस्तकात नसलेली गोष्ट वेगळी आहे. शहराचा मैला काढणारे हलालखोर आणि झाडूवाले पळून गेले तर काय, ही ऑक्टोबर १८९६ मध्ये आयुक्त स्नो यांची मोठी चिंता होती. रुग्णांना सक्तीने इस्पितळात हलविण्याचा हुकूम त्याच महिन्यात सौम्य करण्यात आला, त्यामागे ही भीतीही होती. लक्षावधी लोकांचे शहर एका लहानशा, तुच्छ लेखल्या गेलेल्या समाजाच्या हातांवर उभे आहे, हे प्रशासनाला नेमके ठाऊक होते. त्या हातांना संरक्षण द्यावे, असे मात्र सुचले नाही.

आता पुन्हा आपल्या गाळाकडे वळू. ब्लीचिंग पावडर पाण्यात घातली की हायपोक्लोरस आम्ल तयार होते आणि ते जंतूंच्या पेशीतील प्रथिनांवर हल्ला करते. पण त्याला जंतू आणि शेण यांत फरक कळत नाही. जे सेंद्रिय द्रव्य प्रथम भेटेल त्याच्याशी ते संयोग पावते आणि संपते. गाळावर भुरभुरलेली पावडर वरच्या थरातच खर्च होते, खाली जंतू सुखरूप राहतात. वर्गात हे दाखवायला दोन ग्लास पुरेत. दोन्हींत ब्लीचिंगचे अगदी विरळ, निवळलेले द्रावण घ्यावे. एकात दोन-तीन चमचे दूध घालून पंधरा मिनिटे थांबावे. मग दोन्हींत निळ्या शाईचा एकेक थेंब टाकावा. पहिल्यातील रंग पटकन उडतो, दुधाच्या ग्लासातील रेंगाळतो. प्रयोग उघड्यावर करावा. संडास धुण्याचे आम्ल ब्लीचिंगजवळ मुळीच आणू नये, कारण त्या मिश्रणातून क्लोरीन वायू सुटतो. 'दोन्ही घातले तर दुप्पट स्वच्छ' हा घरगुती समज माणसांना इस्पितळात पोहोचवतो.

म्हणून क्रम महत्त्वाचा. प्रथम विजेचा मुख्य खटका बंद. मग रबरी बूट आणि हातमोजे घालून गाळ खरवडून काढायचा. नंतर साबणाच्या पाण्याने फरशी घासायची. त्यानंतर क्लोरीन, आणि तेही निदान दहा मिनिटे ओले राहू द्यायचे. गादी, उशी, भुशाचे फर्निचर यांच्या आत कोणतेही द्रावण पुरेसे पोहोचत नाही, त्यांचा मोह सोडावा लागतो. शेवटचे काम वाळवणे, आणि जुलैच्या कोकणात तेच सर्वांत कठीण असते. विटांच्या भिंती केशाकर्षणाने पाणी वर ओढतात. ओलीची रेघ पुराच्या रेघेपेक्षा वर का असते, हा प्रश्न विद्यार्थ्यांना जरूर विचारावा. वाळवण्याचा आणखी एक लाभ आहे. २००५च्या पुरानंतर मुंबई परिसरात लेप्टोस्पायरोसिसची साथ आली होती. उंदरांच्या मूत्रातून येणारा हा जंतू ओलाव्यात टिकतो आणि भेगाळलेल्या पायांतून शिरतो. कोरड्या जागी तो लवकर मरतो. १८९६ मध्ये ज्याच्याकडे लक्ष गेले नाही तो उंदीर येथे पुन्हा भेटतो, तोही वेगळाच रोग घेऊन.

साफसफाई करणाऱ्यांच्या लक्षातून नेहमी निसटते ती आवारातील जमिनीखालची पाण्याची टाकी. तिचे झाकण जमिनीच्या पातळीला असते. सांडपाणी त्यात शिरते, पंप ते गच्चीवरील टाकीत चढवतो, आणि ज्याचे पाऊलही ओले झाले नाही अशा चौथ्या मजल्यावरच्या मुलाला कावीळ होते. दिल्लीत १९५५-५६ मध्ये हेच शहराच्या पातळीवर घडले. यमुनेतील सांडपाणी जलशुद्धीकरण केंद्राच्या उपशापर्यंत आले. क्लोरीन वाढवला होता, त्यामुळे विषमज्वर पसरला नाही, पण सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. हा विषाणू हिपॅटायटिस 'ई' होता, हे पुढे अनेक वर्षांनी जपून ठेवलेल्या रक्तद्रवाच्या नमुन्यांवरून समजले.

टाकी साफ करायची म्हणजे कोणीतरी आत उतरणार, आणि येथे वासाची समजूत उलट बाजूने जीव घेते. मैलाटाकीतील हायड्रोजन सल्फाइड थोडा असेल तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे शंभरेक भाग झाले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास थांबला, आता उतरायला हरकत नाही, असे ज्या क्षणी वाटते तो क्षण घातक असतो. वायू हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचून राहतो. पहिला माणूस कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही कोसळतो. १९९३ आणि २०१३च्या कायद्यांनी हाताने मैला काढण्यास बंदी केली. गटारात मृत्यू पावलेल्याच्या कुटुंबास दहा लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये सांगितले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. रक्कम वाढवावी लागली यावरून काय ते समजावे. शोषनळीची गाडी बोलावणे, ती येईपर्यंत वरच्या मजल्यांनी संडासात पाणी न सोडणे आणि कोणालाही, तो कितीही तयार असला तरी, खाली न उतरवणे, एवढे प्रत्येक संस्थेच्या हाती आहे.

पिण्याच्या पाण्याच्या टाकीचा हिशेब मात्र विद्यार्थ्यांनी स्वतः करावा. दूषित पाणी उपसून आणि तळ व भिंती घासून झाल्यावर टाकी भरायची आणि लिटरमागे ५० मिलिग्रॅम क्लोरीन पडेल इतके ब्लीचिंगचे द्रावण घालायचे. १०,००० लिटरच्या टाकीला ५०० ग्रॅम क्लोरीन लागेल. पावडरीत ३० टक्के क्लोरीन धरला तर ती सुमारे १ किलो ७०० ग्रॅम होते. एक दिवस ठेवून ते पाणी न वापरता सोडून द्यायचे आणि टाकी पुन्हा भरायची. उघड्या पिशवीतील पावडर दमट हवेत महिन्याभरातही बरीच निकामी होते, म्हणून पाकिटावरील तारीख पाहायला सांगावे. आपापल्या इमारतीच्या टाकीची लांबी, रुंदी व खोली रहिवाशांना विचारून आणली, तर प्रत्येकाचे उत्तर वेगळे येईल.