फाइल आहे, पण वाचणार कशी?

वाशिष्ठी नदी दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. तिच्या मुखाच्या दक्षिण काठावर, गुहागर तालुक्यात, अंजनवेल हे गाव आहे. गावाजवळच गोपाळगड उभा आहे. तुळाजी आंग्रे यांच्याकडून हा किल्ला पेशव्यांकडे आणि १८१८ साली इंग्रजांकडे गेला. ‘अंजनवेलची वहिवाट’ हे या परिसराच्या कारभारावरचे जुने टिपण इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे.

त्या काळच्या कारभाराच्या नोंदी मोडी लिपीत होत असत. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल आहेत. कागद शाबूत, शाई शाबूत. पण मोडी जाणणारा शेजारी नसेल तर तो कागद आपल्याशी बोलत नाही. दस्तऐवज टिकणे आणि तो वाचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोडीला दोन-तीनशे वर्षांनी जे झाले, ते संगणकावरील मराठीच्या वाट्याला अवघ्या वीस-पंचवीस वर्षांत आले. ते कसे, हे पाहू.

एका फ्लॉपीची गोष्ट

काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या स्मरणिकेची फ्लॉपी आमच्या हाती आली. स्मरणिका नव्वदच्या दशकातली. तिच्यात शाळेच्या पहिल्या तुकडीतील विद्यार्थ्यांची यादी होती आणि छापील प्रत कोणाकडेच उरली नव्हती. फ्लॉपी वाचली गेली, फाइल उघडली. पण पडद्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरे, कंस आणि टिंबे यांची खिचडी दिसू लागली. फाइल बिघडली नव्हती. ती ज्या मराठी प्रोग्रॅमवर लिहिली होती, तो आमच्या संगणकावर नव्हता.

याचे कारण असे. संगणक अक्षर साठवत नाही, अक्षराचा क्रमांक साठवतो. इंग्रजीसाठी हे क्रमांक पूर्वीच ठरले होते. भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली भारतीय मानक संस्थेने ‘इस्की’ ही संकेतप्रणाली मान्य केली. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’च्या जिस्ट गटाचे या क्षेत्रातील काम मोलाचे आहे. पण छपाईसाठी वापरले जाणारे बहुतेक फॉन्ट वेगळ्या वाटेने गेले. फॉन्ट बनवणाऱ्या प्रत्येकाने इंग्रजी अक्षरांच्या जागी काना, मात्रा, अर्धा क, अर्धा त असे तुकडे आपापल्या सोयीने बसवले. एका फॉन्टमध्ये ज्या क्रमांकावर ‘म’, त्याच क्रमांकावर दुसऱ्यात ‘ळ’ असू शकतो. त्यामुळे फॉन्ट हरवला की मजकूर मुका होतो.

१९९१ सालीच युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि देवनागरीला जगभर एकच क्रमांकमाला मिळाली. मात्र ती विंडोजमध्ये पोचायला विंडोज २००० उजाडावे लागले. मधल्या काळात शाळांचे अहवाल, पतपेढ्यांची पत्रके, गावांच्या स्मरणिका हे सगळे निरनिराळ्या फॉन्टमध्ये लिहिले गेले. ते वाचण्याची किल्ली म्हणजे त्या-त्या प्रोग्रॅमचे सेटअप.

सेटअप म्हणजे काय?

संगणकावर प्रोग्रॅम बसवण्यासाठी जी फाइल चालवावी लागते, तिला आपण सेटअप म्हणतो. प्रोग्रॅमचे सगळे भाग, फॉन्ट आणि ते कुठे ठेवायचे याच्या सूचना एका गाठोड्यात बांधलेल्या असतात. एकदा प्रोग्रॅम बसला की या गाठोड्याची किंमत वाटत नाही आणि जागा मोकळी करताना पहिला बळी त्याचाच जातो.

सुरुवातीला मात्र हे गाठोडे मिळवणे कष्टाचे होते. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. समजा, दूरध्वनीच्या तारेवरून सेकंदाला २८,८०० बिट मिळत आहेत. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला ३,६०० बाइट. या वेगाने १० मेगाबाइटचे सेटअप उतरायला सुमारे ४९ मिनिटे लागतात, तीही ओळ मध्येच तुटली नाही तर! मग ते १.४४ मेगाबाइटच्या आठ फ्लॉप्यांवर तोडून घरी न्यायचे. आठांपैकी एक जरी खराब निघाली, तरी सगळी खेप वाया. अशा कष्टाने मिळालेली वस्तू माणूस सहसा फेकत नसे. वेग वाढला तशी ‘लागेल तेव्हा पुन्हा उतरवू’ ही सवय लागली.

पण लागेल तेव्हा ती वस्तू तिथे असतेच असे नाही. विंडोज एक्सपीवर देवनागरी चालू करायला गेले की संगणक मूळ सीडी मागत असे. सीडी हरवली की काम अडले. गूगलने २००९ साली इंग्रजी कळा दाबून मराठी लिहिण्याचे साधन विंडोजसाठी दिले आणि अनेक शिक्षकांनी ते आपलेसे केले. पुढे कंपनीने विंडोजसाठी ते देणे बंद केले. तेव्हा ज्यांच्याकडे पूर्ण सेटअप जपलेले होते, त्यांचेच पेनड्राइव्ह हातोहात फिरले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. काही सेटअप दिसायला छोटे असतात, कारण ते फक्त निरोप्या असतात. खरा माल ते चालवतेवेळी इंटरनेटवरून आणतात. पलीकडचे दुकान बंद झाले की निरोप्या रिकाम्या हाताने परततो. म्हणून जपायचे ते पूर्ण सेटअप.

‘नवी आवृत्ती असताना जुनी कशाला?’ असा प्रश्न येतो. ‘फ्लॅश’चे उदाहरण पाहा. शाळांसाठीच्या कितीतरी शैक्षणिक सीडींतील हलती चित्रे फ्लॅशमध्ये होती. ३१ डिसेंबर २०२० रोजी अॅडोबीने फ्लॅशचा पाठिंबा थांबवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून अखेरच्या आवृत्त्यांनी चित्रे दाखवणेच बंद केले. त्याआधीच्या आवृत्त्यांत ही तारखेची अट नव्हती. म्हणजे जुना धडा उघडायला जुनीच आवृत्ती कामी आली.

संग्रह कसा ठेवावा?

नुसता साठा म्हणजे संग्रह नव्हे. ‘सेटअप’, ‘सेटअप १’, ‘नवे सेटअप’ अशा नावांच्या शंभर फायली असल्या, तर त्या नसल्यासारख्याच. आम्ही प्रत्येक प्रोग्रॅमला एक फोल्डर देतो. त्याच्या नावातच प्रोग्रॅम, आवृत्ती आणि तो कोणत्या विंडोजवर चालतो हे लिहितो. आत एक साधी मजकूर फाइल असते: कुठून घेतले, कधी घेतले, परवाना कोणता, नोंदणी क्रमांक कोणता, कोणत्या फायली याने उघडतात. ग्रंथालयातील पुस्तकाला दाखल क्रमांक असतो, तसेच हे.

दुसरी गोष्ट, फाइल शाबूत आहे की नाही हे कसे कळावे? त्यासाठी ‘हॅश’ काढतात. शा-२५६ या पद्धतीत कोणत्याही फाइलवरून गणिताने ६४ चिन्हांची एक माळ मिळते. फाइलमध्ये एका बिटाचा जरी फरक पडला, तरी माळ पार बदलते. संग्रहात ठेवताना माळ लिहून ठेवावी आणि वर्षातून एकदा पुन्हा काढून ताडून पाहावी. ही माळ फाइल तशीच आहे एवढेच सांगते, ती निर्धोक आहे असे सांगत नाही. म्हणून सेटअप मूळ निर्मात्याकडूनच घ्यावे आणि निर्मात्याने माळ जाहीर केली असेल तर तिच्याशी जुळवावी.

तिसरी गोष्ट प्रतींची. कोकणातल्या पावसाळी दमट हवेत सीडीवर बुरशी धरते, फ्लॉपी चिकटते. त्यातून पूर! याच वाशिष्ठीच्या काठी, वरच्या अंगाला चिपळूणमध्ये १८६४ साली स्थापन झालेले लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर आहे. २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ अशा दोन्ही पुरांत त्याच्या ग्रंथसंपदेचे मोठे नुकसान झाले. पुस्तकाची दुसरी प्रत करणे अवघड. सेटअपची प्रत क्षणात होते. म्हणून तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी, हा नियम पाळावा.

दोन पथ्येही सांगितली पाहिजेत. विकतचे प्रोग्रॅम स्वतःच्या परवान्यापुरतेच जपावेत, वाटू नयेत. आणि जुने प्रोग्रॅम इंटरनेट न जोडलेल्या संगणकावरच चालवावेत, कारण त्यांतील सुरक्षेच्या फटी आता कोणी बुजवत नाही.

पुढे काय झाले?

त्या स्मरणिकेचा फॉन्ट आम्हाला एका जुन्या सीडीवर सापडला. मुख्य प्रोग्रॅम चालला नाही. त्याला छपाईयंत्राच्या जोडणीत बसवायचे कुलूप लागत होते आणि ते हरवले होते. पण फॉन्ट बसवताच यादी वाचता आली. मग ती युनिकोडमध्ये आणली. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. त्यामुळे यंत्राने केलेले रूपांतर एकेक नाव वाचून तपासावे लागले. आज ती यादी कोणत्याही भ्रमणध्वनीवर उघडते.

म्हणजे संग्रह हा शेवट नव्हे, तो पूल आहे. जुन्या फायली युनिकोडमध्ये आणायच्या आणि तोवर त्यांची किल्ली सांभाळायची.

आपल्या शाळेतही हे करून पाहता येईल. कपाटातल्या जुन्या सीडी आणि फ्लॉप्या विद्यार्थ्यांकडून काढून घ्या. प्रत्येकीवर काय आहे, ते कशाने उघडते, ते सेटअप आपल्याकडे आहे का, अशा तीन रकान्यांचा तक्ता करा. तिसऱ्या रकान्यात ‘नाही’ येईल, तिथून काम सुरू करा. एखादी मजकूर फाइल घेऊन तिचा हॅश काढा, एकच अक्षर बदला आणि पुन्हा काढा. मुलांना तो प्रयोग नक्की आवडेल. मोडी वाचणारे आज प्रयत्नपूर्वक तयार करावे लागतात. आपल्या काळच्या मराठीवर ती वेळ येऊ द्यायची की नाही, हे अजून आपल्या हातात आहे.